मैथिलीचा वाढदिवस नलवड्यांकडे उतरला

आमच्या गडहिंग्लजात मुलांचे वाढदिवस आदल्या संध्याकाळच्या एसटीने येतात. स्टँडवर उतरतात, टपरीवर पान लावून घेतात आणि आपापल्या घराचा रस्ता धरतात. प्रत्येकाच्या हातात रेक्झिनची पिशवी असते आणि पिशवीत मुलाचं पुढचं वर्ष असतं, वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेलं. रात्री मुक्काम, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी औक्षण. औक्षण झालं की वाढदिवस ती पुडी मुलाच्या ओंजळीत ठेवतो, मूल एका वर्षाने मोठं होतं आणि वाढदिवस शेवटच्या गाडीने परत जातो. मोठ्या माणसांचेही वाढदिवस येतात, पण ते दारातूनच पुडी आत टाकून जातात. त्यांना कुणी चहा विचारत नाही.

आमच्या मैथिलीचा वाढदिवस म्हणजे उंच, किडकिडीत, पांढरा शर्ट-पायजमा घातलेले गृहस्थ. बोलायला मवाळ. आम्ही त्यांना पाहुणे म्हणतो. मी पाटबंधारे खात्यात आहे, आणि खात्यात काय वाटेल ते होवो, आमच्या घरी पाहुण्यांचा मान पहिल्या वर्षापासून कधी चुकला नाही. आल्याबरोबर पाय धुवायला पाणी, मग चहा, मग बाहेरच्या खोलीत धुतलेल्या चादरीचं अंथरूण. माझी बायको वैजयंता चिवडा असा करते की पाहुणे जाताना पुरचुंडी बांधून मागतात. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. अर्थात, थोडी फुशारकी आहेच.

मैथिलीला सहावं लागून ते पुरं होणार होतं त्या वर्षी पाहुणे आले, पण त्यांनी चपला काढल्या नाहीत.

"पाहुणे, आत या की," मी म्हणालो.

"येतो. आधी जरा बोलायचं होतं." ते पिशवी मांडीवर घेऊन ओटीवरच टेकले. "यंदा खर्चाचं काय ठरलंय?"

मी सांगितलं. केक सांगितला होता. घरचा चिवडा, बेसनाचे लाडू, पावभाजी, कॉलनीतली झाडून सगळी पोरं.

"फुगे?"

"फुगे आहेत की."

"कमान?"

"कसली?"

"फुग्यांची."

फुगे भिंतीला चिकटवायचे ठरले होते. तसं मी सांगितल्यावर पाहुण्यांनी सुस्कारा टाकला.

"साहेब, राग मानू नका. परतीच्या गाडीची वाट बघत आम्ही सगळे वाढदिवस स्टँडवर एका बाकड्यावर बसतो. कुणाकडं बँड असतोय, कुणाकडं धूर सोडायचं मशीन, कुणाकडं अस्वलाच्या वेशातला माणूस. मग मला इचारतात, तुमच्याकडं काय होतं? मी म्हणतो, चिवडा. म्होरं कोण काय इचारत न्हाई."

वैजयंता हात पुसत बाहेर आली होती. "का? चिवडा वाईट होता?"

"लई चांगला होता, वहिनी. पण चिवडा खाऊन कळतोय. सांगून कळत न्हाई."

मग खरी गोष्ट बाहेर आली. नलवड्यांचा माणूस स्टँडवर येऊन पाहुण्यांना भेटून गेला होता. नलवडे म्हणजे आमचे शेजारी, दोन वीटभट्ट्यांचे मालक. त्यांच्या समरजितचा वाढदिवस त्याच तारखेला, फक्त तो मैथिलीहून एका वर्षाने लहान. आता पाच पुरी करणार होता. पण नलवड्यांना त्याला येत्या जूनलाच पहिलीत घालायचं होतं, आणि पहिलीला सहा पूर्ण लागतात. शाळेने सवलत द्यायला नकार दिला होता. तेव्हा त्यांना स्वतःच्या मुलाचा एक आणि आणखी एक असे दोन वाढदिवस हवे होते. आमचे पाहुणे त्यांना सोयीचे पडले. एकच भिंत मधे.

"म्हणजे आमच्या पोरीचं सहा तुम्ही त्याला देणार?" मी विचारलं.

"पिशवी ज्या घरात उघडती त्या घरच्या पोराचं वर्ष. नियम हाय."

"नियम कुणी केला?"

"आमच्या आधीपासनं चालत आलाय."

मी स्वतः सरकारी नोकर. हे उत्तर मीही लोकांना रोज देतो.

खरं सांगायचं तर त्या वेळी मी 'कमान लावू' असं म्हटलं असतं तरी भागलं असतं. फुगेवाला चौकातच बसतो. शब्द माझ्या ओठांवर आला होता. पण वैजयंता पुढे झाली आणि म्हणाली, "पाहुणे, आमच्याकडं आहे ते हे असं आहे. राहायचं तर अंथरूण घातलंय. जायचं तर चहा घेऊन जावा."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता. पाहुण्यांनी चहा घेतला, आलं बरोबर पडलंय म्हणाले, आणि मान खाली घालून पिशवी उचलून निघाले.

मैथिली दाराशी उभी होती. "पाहुणे कुठं चालले?"

"शेजारी," मी म्हणालो.

"माझं सहा घेऊन?"

"हो."

रडेल म्हणून मी तयारीत होतो. ती म्हणाली, "पाहुण्यांचे लाडू उरतील, ते मला द्या." आणि आत गेली. मी तिच्याकडे बघतच राहिलो. ही पोर माझी आहे, असं रस्त्यावर जाऊन ओरडावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी नलवड्यांकडे जो थाट झाला तो आम्ही गच्चीवरून पाहिला. कमान होती, बँड होता, अस्वल होतं. आधी समरजितच्या स्वतःच्या वाढदिवसाने त्याच्या ओंजळीत पाच ठेवलं. फोटोग्राफर म्हणाला, तसंच धरून ठेव बाळ. मग आजोबांबरोबर फोटो झाला, मग मामांबरोबर, मग भट्टीवरच्या मुकादमांबरोबर, मग अस्वलाबरोबर. फोटो संपताच आमच्या पाहुण्यांनी दुसरी पिशवी उघडली आणि त्याला सहा दिलं. समरजितचं पाच हे असं फोटो काढण्यातच संपलं. त्याला ते नीट बघायलाही मिळालं नाही.

आमच्याकडे पोरं जेवली, नाचली, घरी गेली. केकवर पाचाचाच आकडा लावला. तो आदल्या वर्षीचा धुऊन ठेवलेला होता, त्यामुळे तेवढी बचत झाली.

सकाळी नलवडेवहिनी केकचा तुकडा घेऊन आल्या. बाई मनाने वाईट नाही. "मैथिली," त्या म्हणाल्या, "आता समरजितला दादा म्हणायचं हं. तो तुझ्यापेक्षा मोठा झालाय." आदल्या दिवसापर्यंत तो हिला ताई म्हणत होता. मैथिली त्यांच्याकडे शांतपणे बघत म्हणाली, "जमलं तर म्हणेन." तिला ते कधीच जमलं नाही.

जूनमध्ये मी शाळेत जाऊन आलो. मुख्याध्यापिका सभ्य होत्या. "मुलगी हुशार आहे, पण पाचची आहे. पुढच्या वर्षी वाढदिवस झाला की या," म्हणाल्या. बाहेर आलो तर समरजित नवा गणवेश घालून पहिलीच्या वर्गात चालला होता. मला तोंडात मारल्यासारखं झालं. मुलीचं वर्ष मी एका कमानीपायी घालवलं, असं मी मनाशी म्हणत राहिलो.

पण मैथिलीने पाच दुसऱ्यांदा सुरू केलं, आणि ते तिने असं केलं की काय सांगू. पहिल्या खेपेला जे चुकलं होतं ते सगळं तिने दुरुस्त केलं. बुटाची लेस, शर्टाची बटणं, अंधाऱ्या मोरीत एकटीने जाणं, आपली पाळी येईपर्यंत झोपाळ्याशी थांबणं. नव्याने पाच झालेली मुलं बालवाडीत आली की बाई त्यांना सरळ हिच्याकडे पाठवायच्या. दात कधी हलायला लागतो, आई शेजारच्या गावाला गेली तर किती रडायचं, कुणी खेळायला घेतलं नाही तर काय करायचं, हे सगळं तिला अनुभवाने ठाऊक होतं. गावात पाच वर्षांची पोरं पुष्कळ होती, पण पाचात मुरलेली अशी एकच. ऑफिसात मी हे इतक्या वेळा सांगितलं की हेडक्लार्क चहाला मला बोलवेनासे झाले.

समरजितचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. भिंतीपलीकडून ऐकू यायचं. तो आईला उचलून घे म्हणायचा, आणि वहिनी म्हणायच्या, "सहाचा घोडा झालास, शोभतं का?" शाळेच्या दारात तो रडला की बाई तेच म्हणायच्या. पुढेपुढे तो रडेनासा झाला, बोलेनासाही झाला. संध्याकाळी बुटांच्या लेस लोंबकळत कुंपणाशी उभा राहायचा, आणि मैथिली गजातून हात घालून त्या बांधून द्यायची. मला त्यात काही दिसलं नाही. मी माझ्या विचारात होतो.

माझा विचार साधा होता. पुढच्या वेळी आमचे पाहुणे तर आणायचेच, शिवाय नलवड्यांच्या समरजितचा वाढदिवसही आपल्याकडे उतरवायचा. एकाच संध्याकाळी सहा आणि सात. पोरगी थेट दुसरीत. गेलेलं वर्ष व्याजासकट वसूल.

मी ऑफिसच्या सोसायटीतून कर्ज काढलं. घरासमोरच्या मोकळ्या जागेत मांडव घातला. दोन कमानी. धुराची दोन मशीन. कोल्हापूरहून बँड. चौकात फ्लेक्स लावला, त्यात मैथिली मधे आणि आम्ही सगळे हाताची घडी घालून बाजूला.

"ऋण काढून सण करायला निघालाय?" वैजयंता म्हणाली.

"सण नाही हा. हक्क आहे."

"कुणाचा? तुमचा का तिचा?"

मला मांडववाल्याने हाक मारली, त्यामुळे उत्तर राहून गेलं.

आदल्या संध्याकाळी मी स्वतः स्टँडवर जाऊन उभा राहिलो. नलवड्यांचा वाढदिवस आधी उतरला. गोल, गुबगुबीत, सफारी घातलेला. मी गाठून त्याला यादी ऐकवली.

"धुराची मशीन किती म्हणालात?" त्याने विचारलं.

"दोन."

"त्यांच्याकडं एकच हाय. चला."

मागोमाग आमचे पाहुणे उतरले. मी त्यांनाही यादी ऐकवायला लागलो, तर ते म्हणाले, "असू द्या हो," आणि पुढे चालू लागले. घरी आल्यावर त्यांनी दारातच चपला काढल्या. कमानीखालून आले, पण वर बघितलंसुद्धा नाही. "वहिनी, चिवडा केलाय न्हवं?" एवढंच विचारलं. कर्जाचा पहिला हप्ता मला त्याच क्षणी जड वाटायला लागला.

दुसऱ्या संध्याकाळी मांडव भरला. नलवड्यांच्या दारातही कमान होती, स्वयंपाक झाला होता, पण वाढदिवसच आला नव्हता, तेव्हा कार्यक्रम कसा होणार? शेवटी तेच आमच्याकडे आले. नलवडे कडक इस्त्रीत, वहिनी पैठणीत, समरजित कोट आणि बो टाय घालून. आहेराचं पाकीट देताना नलवडे ताठ होते. हरलेला माणूस ताठ उभा राहिला की मला आवडतं. पण त्या दिवशी मी जिंकत होतो, त्यामुळे मला जास्तच आवडलं.

पाच जणींनी मैथिलीला ओवाळलं. सुपारी आणि अंगठी तिच्यावरून फिरली, डोक्यावर अक्षता पडल्या. आमच्या पाहुण्यांनी पिशवी उघडून तिच्या ओंजळीत सहा ठेवलं. तिने सुतळी सोडली, आत बघितलं, आणि ती सहा झाली. फ्रॉक गुडघ्यापासून दोन बोटं वर गेला. वैजयंताने डोळ्यांना पदर लावला. मी छाती काढून स्टेजवर उभा होतो.

मग गुबगुबीत वाढदिवस पुढे आला. मैथिलीने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"हे काय आहे?"

"सात," तो म्हणाला.

"कुणाचं?"

"ह्या मांडवात उघडलं की तुझंच."

"मी तर आत्ताच सहा झाले."

"घे ना, राजा," मी पुढे होऊन म्हणालो. "सात घेतलंस की दुसरीत बसशील. गेल्या वर्षीचं भरून निघेल."

"मग सहा कधी करायचं?" तिने विचारलं.

मी फोटोग्राफरकडे बघितलं. तो कॅमेरा पुसत होता.

"समरजितचं असंच झालं," मैथिली म्हणाली. बँड थांबलेला असल्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. "त्याला पाच मिळालंच नाही. त्याला लेस बांधता येत नाही. कुणी खेळायला घेतलं नाही तर काय करायचं ते माहीत नाही. आणि रडता पण येत नाही, कारण सहाला रडायचं नसतं म्हणे."

समरजित स्वतःच्या बुटांकडे बघत होता. नलवडे म्हणाले, "तसं काय न्हाई, बाळ," पण भट्टीवर ऐकू येतो तो आवाज तो नव्हता.

मैथिलीने गुबगुबीत वाढदिवसाला विचारलं, "तुमच्याकडं त्याचं पाच आहे का?"

"न्हाई. एकदा दिलेलं आमच्याकडं परत येत न्हाई."

ती स्टेजवरून उतरली आणि घरात पळाली. मांडव वाट बघत बसला. मशीनवाल्याने धूर सोडू का म्हणून विचारलं. मी नको म्हणालो.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात एक पुडी होती. वर्तमानपत्र जुनं झालेलं, कोपरे मऊ पडलेले, आणि सुतळीला तिनेच मारलेली गाठ.

"माझी पाच दोन झालीत," ती दोन्ही वाढदिवसांना म्हणाली. "एक गेल्या वर्षीचं, एक त्याच्या आधीचं. मला एक पुरतं. हे जास्तीचं आहे."

दोघे वाढदिवस बाजूला जाऊन बोलले. आमच्या पाहुण्यांनी बोटांवर हिशेब केला.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "दोन वर्सं पाच केलंय म्हटल्यावर दोन होतात."

"पण वापरलेलं हाय," गुबगुबीत म्हणाला.

"नवंच पायजे असं नियमात कुठं हाय?"

गुबगुबीताने आठवून बघितलं. तसं कुठे नव्हतं.

मैथिलीने पुडी समरजितच्या ओंजळीत ठेवली. "वापरलेलं आहे, पण फाटलेलं नाही," ती म्हणाली. "लेस यातच आहे. आणि रडायचं पण."

त्याने सुतळी ओढली. गाठ सुटेना, तेव्हा तिनेच सोडून दिली. समरजितने आत बघितलं. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग वाकडा झाला, आणि मग कोट आणि बो टायसकट तो भर मांडवात भोकाड पसरून रडायला लागला. अख्खं वर्षभराचं रडणं होतं ते. रडता रडता त्याने दोन्ही हात आईकडे वर केले.

वहिनींनी हातातली पर्स नलवड्यांच्या हातात कोंबली आणि त्याला उचललं. त्याचे बूट पैठणीला लागले. त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि एका वर्षात ज्या पोराला त्यांनी कडेवर घेतलं नव्हतं त्याच्या पाठीवरून हात फिरवत तिथेच डोलत उभ्या राहिल्या. "माझं बाळ ते," म्हणत होत्या. नलवडे बायकोची पर्स छातीशी धरून उभे होते. त्यांचे डोळे भरले असावेत, कारण ते फार वेळ वरच्या कमानीकडे बघत होते.

गुबगुबीत वाढदिवसाने सात परत पिशवीत ठेवलं. "मी राहतो नलवड्यांकडंच," तो म्हणाला. "आधी पाच होऊ द्या त्याचं नीट. सात काय नासत न्हाई." आणि स्टेजच्या पायरीवर बसून त्याने बूट काढले.

माझी मुलगी रिकाम्या हातांनी स्टेजवर उभी होती. सहाची. पुढचा दात हलणारी, आखूड झालेल्या फ्रॉकमधली. ती पहिलीत जाणार होती, दुसरीत नाही, आणि तिची मान अशी ताठ होती की त्या मांडवातल्या कुठल्याही कमानीने लाजावं. मला बोलल्यावाचून राहवेना. मी बँडवाल्याच्या हातातून माइक घेतला.

"ही माझी मुलगी आहे," मी म्हणालो.

पुढचं भाषण मी पाठ केलं होतं, ते काही केल्या आठवेना. मांडवातल्या सगळ्यांना ती कुणाची मुलगी आहे हे माहीत होतं. तरी मी ते परत एकदा सांगितलं.